कॉनराड नेगल : बोलपटाचा आवाज आणि नटांची संघटना



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. "एका अमेरिकन नटाच्या कारकिर्दीवर बोलतो," असे मी म्हणालो तेव्हा टेलिफोनवर क्षणभर काही ऐकू येईना. त्यांची शंका रास्त होती. मी सिनेमाचा जाणकार नाही. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या दाराशी आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. पण हा विषय माझ्याकडे सिनेमाच्या वाटेने आलेलाच नाही. २०२३ च्या जुलैत हॉलिवूडच्या नटांनी संप पुकारला आणि तो ११८ दिवस चालवला. त्या दिवसांत एका द्वारसभेनंतर एका तरुण कामगाराने मला विचारले, "अण्णा, नटांचा कसला आलाय संप? ते काय आपल्यासारखे मजूर आहेत?" मी त्याला काहीतरी ठोकून दिले. घरी आल्यावर मात्र माझे मलाच वाटले की आपण वेळ मारून नेली. नटांची संघटना कशी उभी राहिली हे आपल्याला ठाऊकच नाही. मग वाचायला लागलो, आणि त्या वाचनात हा माणूस भेटला.

कॉनराड नेगल हे नाव तुमच्यापैकी थोड्यांनीच ऐकले असेल. त्यात तुमचा दोष नाही. चॅप्लिन राहिला, गार्बो राहिली, नेगल पुसला गेला. परंतु मूकपटाचा बोलपट होत असताना ज्या मोजक्या नटांच्या गळ्यावर तो नवा डोलारा तोलला गेला, त्यांत हा होता. आणि आज जिचे ऑस्कर पारितोषिक जगभर गाजते, ती अकादमी ज्या चौघांच्या बोलण्यातून निघाली त्या चौघांत नटाच्या पेशातला हाच एक होता. ती संस्था पारितोषिके वाटण्यासाठी निघालेली नव्हती. मालकांच्या मनात तिचे काम निराळे होते. त्या निराळ्या कामाची हकिकत सांगण्यासाठी मी उभा आहे.

नेगलचा जन्म १६ मार्च १८९७ चा, आयोवा संस्थानातल्या कीओकक गावचा. हे मिसिसिपी नदीकाठचे गाव. वडील संगीतशिक्षक, आई गाणारी. ती लवकर गेली. वडील पुढे डे मॉइन शहरातल्या हायलँड पार्क कॉलेजात संगीत विभागाचे प्रमुख झाले आणि मुलगाही त्याच कॉलेजातून १९१४ साली बाहेर पडला. म्हणजे गळा घरचाच होता, आणि त्या गळ्याला वळण लावणारेही घरचेच. तिथून तो फिरत्या व स्थानिक नाटक मंडळ्यांत गेला, न्यूयॉर्कला पोचला, आणि १९१८ साली 'फॉरेव्हर आफ्टर' या नाटकात ॲलिस ब्रेडीसमोर त्याने नायकाचे काम केले. त्याच सुमारास 'लिटल विमेन' या मूकपटात तो लॉरी झाला.

इथे एक गमतीची गोष्ट लक्षात घ्या. ज्याची सगळी पुंजी आवाजात होती, तो माणूस पुढची नऊ-दहा वर्षे अशा धंद्यात राबला की जिथे आवाजाला कवडीची किंमत नव्हती. मूकपटात ओठ हलत, शब्द पाटीवर येत. उंच, गोरा, नीटनेटका, डोळ्यांत थोडा कोवळेपणा, अशा नटाला जी कामे मिळतात ती नेगलला मिळाली. सेसिल डीमिलच्या 'फूल्स पॅरडाइज'मध्ये (१९२१) तो होता. 'टेस'मध्ये (१९२४) तो एंजल क्लेअर झाला, म्हणजे सज्जन म्हणवणारा पण ऐन वेळी कच खाणारा नवरा. लॉन चेनीबरोबर 'लंडन आफ्टर मिडनाइट'मध्ये (१९२७) त्याने काम केले. या चित्रपटाची शेवटची ज्ञात प्रत पुढे स्टुडिओच्या वखारीला लागलेल्या आगीत जळाली आणि आज तो पाहायला मिळत नाही. चेनी मेला तरी लोक चेनीसाठी हळहळतात. त्याच चित्रपटातल्या नेगलसाठी कोणी हळहळत नाही. तो नेहमी दुसऱ्या खुर्चीवरचा माणूस. नायिकेने ज्याच्याशी लग्न करावे असे तिच्या बापाला वाटते, पण जिचा जीव दुसरीकडेच जडलेला असतो, असा.

१९२४ साली मेट्रो-गोल्डविन-मेयर ही कंपनी स्थापन झाली आणि नेगल तिच्या पगारपत्रकावर आला. कंपनीचा कारभार लुई मेयर या गृहस्थाच्या हाती. पगारपत्रकावर हा शब्द मी मुद्दाम वापरतो. हॉलिवूडचा नट त्या काळी सात-सात वर्षांच्या कराराने बांधलेला असे. करार दोन्ही बाजूंना सारखा नव्हता. दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने नटाला ठेवायचे की काढायचे हे कंपनी ठरवी. नटाला मात्र मध्येच सोडून जाता येत नसे. काम नाकारले तर बिनपगारी घरी बसवत आणि बसलेले दिवस कराराच्या शेवटी जोडत. कंपनीला वाटले तर ती नटाला दुसऱ्या कंपनीकडे उसना देई, जास्त भाव घेई आणि नटाला ठरलेलाच पगार देई. बैल भाड्याने देण्याची रीत आपल्या खेड्यांत आहे, तीच ही. शिवाय हे सगळे नशीबवान. ज्यांचा असा करारही नव्हता, दिवसाच्या बोलीवर जे येत, त्यांचे तास कोणी मोजत नसे. शनिवारी सकाळी बोलावलेला माणूस रविवारच्या पहाटेपर्यंत उभा राही.

असाच नेगल १९२८ साली वॉर्नर बंधूंकडे उसना गेला आणि त्याचे दिवस पालटले.

वॉर्नर बंधूंनी 'व्हायटाफोन' नावाची पद्धत आणली होती. आवाज तबकडीवर मुद्रित करायचा आणि ती तबकडी प्रक्षेपणयंत्राला जोडून फिरवायची. एका तबकडीत अकराएक मिनिटे मावत. ६ ऑक्टोबर १९२७ ला 'द जॅझ सिंगर' लागला आणि लोक वेडे झाले. पण त्यात गाणीच अधिक होती. आता नटांनी नाटकासारखे बोलायचे होते, आणि तिथे धंद्याची पंचाईत झाली. पडद्यावर देखणे दिसणारे कितीतरी नट यंत्रासमोर उभे राहिले की किरटे किंवा घोगरे ऐकू येत. ध्वनिग्राहक फुलदाणीत नाहीतर दिव्याच्या छत्रीत लपवलेला. त्याच्यापासून दोन पावले दूर गेले की शब्द हरवत. कॅमेऱ्याची खरखर मुद्रित होऊ नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरावाला दोघेही काचेच्या बंद खोक्यात घामाने निथळत. अशा वेळी स्पष्ट, भरदार, नाटकात तयार झालेला आवाज असलेला नट म्हणजे सोन्याचे नाणे. मेयरसाहेबांची कंपनी बोलपटाच्या बाबतीत अजून कुंपणावर बसली होती. तिने नेगलला वॉर्नरांकडे दिला.

त्याच वर्षी 'टेंडरलॉइन', 'ग्लोरियस बेट्सी', 'स्टेट स्ट्रीट सेडी', 'कॉट इन द फॉग' असे अर्धेमुर्धे बोलपट त्याने वॉर्नरांसाठी केले. 'टेंडरलॉइन'मध्ये डोलोरेस कॉस्टेलो आणि नेगल बोलू लागले तेव्हा प्रेक्षक हसले, असे सांगतात. संवादच इतके बाळबोध होते, की पहिल्या आठवड्यानंतर काही बोलके प्रसंग कापावे लागले. पण हशा संवादाला होता, आवाजाला नव्हता. 'द टेरर' नावाच्या चित्रपटात तर पडद्यावर एकही अक्षर दाखवायचे नाही असे ठरले, आणि नटांची व इतरांची नावे वाचून दाखवण्यासाठी आवाज घेतला तो नेगलचा. एखाद्या धंद्याचे नवे यंत्र आले आणि त्याची चाचणी घ्यायला सगळ्यांत भरवशाचा कारागीर बोलवावा, तसे हे झाले. पुढच्या दोन वर्षांत त्याने इतके चित्रपट केले, की बायकोबरोबर सिनेमाला जावे तर ज्या थिएटरात आपण नाही असे थिएटरच सापडत नाही, असे तो स्वतःच थट्टेने सांगे. 'हॉलिवूड रेव्ह्यू ऑफ १९२९' या गाण्याबजावण्याच्या बोलपटात जॅक बेनीबरोबर सूत्रधार तोच. डीमिलच्या पहिल्या बोलपटात, 'डायनामाइट'मध्ये, तोच. आणि दैवाचा खेळ असा की, १९२९ साली ग्रेटा गार्बोचा शेवटचा मूकपट निघाला, 'द किस', त्यातही तिच्यासमोर हाच. ज्याच्या आवाजासाठी धंदा धावत होता, तो तिथे गार्बोशी अबोल प्रेम करत होता. हा चित्रपट मी पाहिला आहे. त्यात नेगल वकील आहे. तो जीव तोडून तिचा बचाव करतो, आणि आपण पाहत राहतो ते तिच्याकडे.

यंत्राने एकाला वर उचलले तेव्हा त्याच यंत्राने किती जणांना खाली टाकले, हेही सांगायला हवे. मूकपटांच्या काळात प्रत्येक बऱ्यापैकी थिएटरात वाद्यवृंद असे. तबकडी आली आणि अमेरिकेत हजारो वादक घरी बसले. त्यांच्या संघटनेने डबाबंद संगीताविरुद्ध वर्तमानपत्रांतून जाहिराती दिल्या; लोकांनी त्या वाचल्या आणि संध्याकाळी बोलपटाला गेले.

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे वळतो. त्यासाठी दोन वर्षे मागे जावे लागेल.

मेयरसाहेबांना सँटा मोनिकाच्या समुद्रकिनारी घर बांधायचे होते. आराखडा स्टुडिओच्या कलाविभागाने करायचा आणि काम स्टुडिओच्याच सुतार-रंगाऱ्यांकडून करून घ्यायचे, असा त्यांचा बेत होता. पण हिशेब करता असे दिसले की ही माणसे फार महाग पडणार. कारण स्टुडिओतल्या कारागिरांच्या युनियना होत्या, आणि २९ नोव्हेंबर १९२६ रोजी नऊ स्टुडिओंनी पाच युनियनांशी करार करून त्यांना मान्यता दिली होती. मग मेयरसाहेबांनी थोडे कारागीर घरचे आणि बाकीचे बाहेरचे स्वस्तातले असा मेळ घातला, अशी कथा आहे. घर उभे राहिले. पण त्यांच्या डोक्यात किडा शिरला. आज सुतार, उद्या लेखक, परवा नट. नटांची युनियन झाली तर?

जानेवारी १९२७ मध्ये त्यांनी नेगल, दिग्दर्शक फ्रेड निब्लो आणि निर्मात्यांच्या संघाचे फ्रेड बीटसन यांना बोलावले आणि सगळ्यांची मिळून एक संस्था काढू, अशी बोलणी झाली. ११ जानेवारीला ॲम्बॅसेडर हॉटेलात ३६ जण जेवायला बसले. ११ मे ला बिल्टमोर हॉटेलात मोठी मेजवानी झाली. सुमारे ३०० पाहुण्यांपैकी २३० जणांनी शंभर-शंभर डॉलर भरून सभासदत्व घेतले. डग्लस फेअरबँक्स पहिला अध्यक्ष झाला. संस्थेच्या पाच शाखा ठरल्या : नट, दिग्दर्शक, लेखक, तंत्रज्ञ आणि निर्माते. या शेवटच्या शब्दाकडे लक्ष द्या. पगार देणारा आणि पगार घेणारा एकाच पंक्तीला बसले, वाढपी एकच. सभासदत्वही निमंत्रणाने. वाद झाला तर तो घरातल्या घरात मिटवायचा. सोनेरी पुतळ्याची पारितोषिके पुढे आली. पहिला समारंभ १६ मे १९२९ चा.

नेगल या पंक्तीला का बसला? तो लाचार होता असे मला त्याच्या चरित्रात कुठे दिसले नाही. त्याचा पगार चांगला होता, लौकिक स्वच्छ होता. शहाण्या माणसांनी एका टेबलाभोवती बसले की प्रश्न सुटतात, असा त्याचा प्रामाणिक विश्वास असावा. सुरुवातीला त्या विश्वासाला फळही आले. १९२७ च्या जूनमध्ये निर्मात्यांनी, ज्यांची युनियन नव्हती अशा सगळ्यांच्या पगारात दहा टक्के कपात जाहीर केली. गवगवा झाला, अकादमी मध्ये पडली आणि कपात मागे घेतली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस अकादमीने बिनकराराच्या नटांसाठी एक नमुना करारपत्र तयार करून घेतले. हॉलिवूडच्या नटाला छापील करार प्रथम मिळाला तो या अकादमीमुळे. ही कामे खरी आहेत, आणि माझ्यासारख्या युनियनवाल्याने ती लपवू नयेत.

पण ती का झाली हेही पाहावे. नाटकातल्या नटांची 'इक्विटी' नावाची खरी युनियन न्यूयॉर्कला होती. १९१९ साली तिने महिनाभर संप करून नाट्यगृहे बंद पाडली होती आणि मालकांना नमवले होते. ती हॉलिवूडच्या दाराशी येऊन उभी होती. कपात जाहीर होताच तिच्या सभा भरू लागल्या. दारात वाघ उभा असला म्हणजे घरातल्या मांजराचेही लाड होतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी चोवीस-पंचवीस वर्षांचा असताना एका कारखान्यात होतो. बाहेर युनियनची कुणकुण लागली तशी व्यवस्थापनाने आत एक मंडळ काढले. निम्मे आम्ही, निम्मे साहेब. मला चार ओळी नीट लिहिता येत म्हणून मी त्याचा कार्यवाह. महिन्यातून एकदा साहेबांच्या खोलीत पंख्याखाली बैठक, काचेच्या कपातून चहा. उपाहारगृहातली आमटी सुधारली, न्हाणीघराला दार बसले, डॉक्टर आठवड्यातून दोनदा येऊ लागला. मला वाटले, हेच तर हवे होते. लोक उगीच ओरडतात. दोन वर्षांनी पाळीची वेळ वाढवणारे पत्रक फलकावर लागले. खाली लिहिले होते, 'मंडळाच्या संमतीने', आणि सही माझी. बैठकीत मी विरोध केला होता, पण इतिवृत्तावर सही केली होती. कार्यवाहाने सही करायची असते. कोणी मला शिवी दिली नाही. माझ्या शेजारच्या यंत्रावरचे एक वयस्कर गृहस्थ रोज आपल्या डब्यातली चटणी मला देत, ते दुसऱ्या दिवसापासून पाठ करून जेवायला बसले. इतकेच झाले. म्हणून नेगलचे १९३३ साल मी वाचले तेव्हा मला ते परक्या देशातले वाटले नाही.

पण त्याआधी १९२९. बोलपटामुळे न्यूयॉर्कचे नाटकवाले नट लोंढ्याने हॉलिवूडला आले होते. त्यांच्या खिशात इक्विटीचे सभासदपत्र होते. इक्विटीचे प्रमुख फ्रँक गिलमोर यांना वाटले, हीच वेळ. जूनमध्ये त्यांनी हुकूम काढला, की सभासदांनी बोलपटात इक्विटीच्या करारावाचून नवी सही करू नये. ज्यांचे करार चालू होते त्यांनी मात्र ते पाळावेत. इथेच हुकूम दुबळा झाला. मोठे नट सगळे करारात बांधलेले, तेव्हा ते कामावरच राहिले आणि चित्रपट निघतच राहिले. घरी बसले ते बिनकराराचे लहान नट. गडाचा दरवाजा उघडा ठेवून तटावर पहारा करण्यासारखे ते झाले. काही नामांकित नटांनी उघड विरोध केला. ऑगस्टच्या मध्याला गिलमोर यांनी माघार घेतली. अकादमी टिकली, आणि १९३२ साली कॉनराड नेगल तिचा अध्यक्ष झाला.

४ मार्च १९३३ रोजी रूझवेल्ट अमेरिकेचे अध्यक्ष झाले आणि दोनच दिवसांनी देशातल्या सगळ्या बँका बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. लोकांच्या खिशात रोकड नाही, थिएटरे ओस, स्टुडिओंकडे पगाराला पैसे नाहीत. निर्मात्यांनी आठ आठवड्यांसाठी निम्म्या पगाराची मागणी पुढे केली. मेयरसाहेबांनी आपल्या स्टुडिओत माणसे जमवून भरल्या गळ्याने भाषण केले. अकादमीने मध्ये पडून तोडगा काढला : आठवड्याला ५० डॉलरपर्यंत मिळवणाऱ्यांना वगळावे, वरच्यांची कपात पायरीपायरीने चढती असावी, पण निम्म्याहून अधिक नसावी, आणि कंपन्यांचे हिशेब तपासून ज्यांची स्थिती सुधारेल त्यांनी पूर्ण पगार सुरू करावा. कागदावर हे वाजवी आहे. मी त्या जागी असतो तर कदाचित हेच लिहिले असते.

रंगमंच-कामगारांच्या युनियनने मात्र साफ सांगितले की आम्ही एक पैसाही सोडणार नाही. १३ मार्चला एक दिवस स्टुडिओ बंद राहिले आणि त्यांची कपात टळली. म्हणजे दिवे ओढणाऱ्याचा पगार शाबूत, आणि ज्याच्यावर तो दिवा पडतो त्याचा निम्मा. नटांनी हे पाहिले. पुढे हिशेब तपासले गेले, पूर्ण पगाराची तारीख अकादमीने सांगितली, तेव्हा वॉर्नरांनी ती मानायचे नाकारले. त्यांचा स्वतःचा निर्मितीप्रमुख डॅरिल झॅनक शब्द मोडला म्हणून नोकरी सोडून गेला. अकादमीपाशी न संपाचे हत्यार होते, न कोर्टाचे. ठराव होता. या गोंधळातच नेगलने अध्यक्षपद सोडले. काही महिनेच तो त्या खुर्चीवर होता.

त्याच मार्चमध्ये केनेथ टॉमसन या फारशा प्रसिद्ध नसलेल्या नटाच्या घरी सहा नट जमले होते. पुढच्या बैठकांत आणखी आले. त्यांत बोरिस कार्लोफ होता. 'फ्रँकेनस्टाइन'च्या राक्षसाच्या अवजड सोंगात त्याला सलग पंचवीस तास राबवले होते. त्याला युनियन कशाला हे कोणी समजावून सांगावे लागले नाही. ३० जून १९३३ ला 'स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड' कागदोपत्री नोंदली गेली. राल्फ मॉर्गन पहिला अध्यक्ष. निर्मात्यांना तिच्यात स्थान नव्हते. फरक काय तो एवढाच. ऑक्टोबरात सरकारी उद्योगसंहितेच्या मसुद्यात नटांच्या पगाराला कमाल मर्यादा घालण्याचे कलम आले, तेव्हा मोठे नट खडबडून जागे झाले, अकादमीचे राजीनामे देऊन गिल्डमध्ये शिरले आणि एडी कँटर अध्यक्ष झाला. मोठ्यांना जाग येते ती अशी. पण येते तेव्हा उपयोगी पडते. नोव्हेंबरात रूझवेल्टने ती कलमे स्थगित केली.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेक युनियनांच्या इतिहासासारखेच आहे : चार वर्षे मान्यता नाही, चार वर्षे टोलवाटोलवी. १९३५ साली वॅग्नर कायदा झाला. त्याने कामगारांना स्वतःची संघटना निवडण्याचा हक्क दिला आणि मालकाच्या ताब्यातली संघटना बेकायदा ठरवली. एप्रिल १९३७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. मे महिन्यात गिल्डच्या सभासदांनी संपाच्या बाजूने मोठ्या बहुमताने कौल दिला. ९ मे, रविवार. संध्याकाळी हॉलिवूडच्या लीजन स्टेडियममध्ये हजारो नट जमायचे होते. संप की नाही ते तिथे जाहीर व्हायचे होते. दिवसा गिल्डचा अध्यक्ष रॉबर्ट माँटगोमेरी आपले सहकारी घेऊन मेयरसाहेबांकडे गेला. साहेब सुट्टीचे घरी होते, पाहुणे जमले होते. घर तेच, सँटा मोनिकाच्या किनाऱ्यावरचे, ज्याच्या सुतारकामाच्या हिशेबावरून अकादमी सुचली होती. तिथे मेयर यांनी गिल्डला मान्यता दिली. करारात दिवसाच्या नटाला किमान २५ डॉलर आणि गर्दीत उभे राहणाऱ्याला साडेपाच डॉलर ठरले. अकादमीने मजुरीच्या वाटाघाटींतून अंग काढून घेतले आणि ती पारितोषिके देत बसली, ती आजवर.

आणि नेगल? तोपर्यंत पडद्यावरचे त्याचे दिवस उतरले होते. आवाजाची नवलाई संपली, ज्याला त्याला बोलता येऊ लागले, आणि लोकांना आता केगनीसारखे रस्त्यावरचे, फटकळ आवाज हवे होते. नेगलचे शुद्ध, गोलाईदार उच्चार जुने वाटू लागले. १९३१ च्या 'बॅड सिस्टर'मध्ये तो डॉक्टर होता; त्यातली एक नवखी मुलगी म्हणजे बेटी डेव्हिस. ती वर गेली, तो खाली. १९३६-३७ साली तो लहान कंपन्यांच्या स्वस्त चित्रपटांत सरकारी गुप्त पोलीस झालेला दिसतो. पण गळा अजून शाबूत होता, आणि रेडिओला गळाच हवा असतो. १९३७ पासून पाच वर्षे 'सिल्व्हर थिएटर' या रेडिओ-नाटकांच्या कार्यक्रमाचा सूत्रधार तो होता.

त्याला गद्दार म्हणावे असे प्रथम वाचताना माझ्या मनात आले होते. दाराशी उभे राहून मी अनेकांना तो शब्द लावला आहे, आणि काहींना तो शोभूनही दिसला. पण पुढे वाचताना १९४० साल आले. चित्रपटधंद्यातल्या म्हाताऱ्या, आजारी, बेकार माणसांसाठी एक मदत-निधी होता. त्यासाठी नामवंत नट रेडिओवर फुकट कामे करत आणि येणारे मानधन निधीला देत. त्या निधीच्या कामाबद्दल २९ फेब्रुवारी १९४० च्या समारंभात अकादमीने चौघांना सन्मानित केले : जीन हर्शोल्ट, लेखक राल्फ ब्लॉक, राल्फ मॉर्गन आणि कॉनराड नेगल. मॉर्गन म्हणजे गिल्डचा पहिला अध्यक्ष, आणि नेगल म्हणजे अकादमीच्या जन्माचा साक्षी. सात वर्षांपूर्वी ज्या दोन संस्था एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या, त्यांची ही माणसे एका निधीचे हिशेब सांभाळत होती. समारंभ ॲम्बॅसेडर हॉटेलातच होता, जिथे १९२७ साली ती छत्तीस पाने वाढली गेली होती.

माझा निकाल असा आहे, आणि तुम्ही तो मानलाच पाहिजे असे नाही. नेगलची चूक त्याच्या नियतीत नव्हती, जागेत होती. ज्या खुर्चीवर बसून त्याने न्याय करायला घेतला, तिचे पाय मालकाच्या अंगणात रोवलेले होते. खुर्ची डुगडुगली तेव्हा तो उठला. पुष्कळ जण उठतही नाहीत. आणि त्याची कपातीची पायरीपायरीची योजना अपयशी झाली नसती, तर टॉमसनच्या घरातली बैठक कदाचित सहा माणसांचीच राहिली असती. माझ्या त्या तरुण मित्राला मी पुढे हे सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग तुमची ती चटणी पुन्हा सुरू झाली का?" झाली. पण त्याला संप करावा लागला, आणि तीन वर्षे गेली.

उतारवयात नेगल दूरचित्रवाणीवर आला. 'सेलिब्रिटी टाइम' नावाच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन त्याने केले. १९५३ साली ऑस्करचा समारंभ प्रथमच दूरचित्रवाणीवर दाखवला गेला, तेव्हा बोलणाऱ्यांत तोही होता. हॉलिवूडच्या फुटपाथवर त्याच्या नावाचे तीन तारे आहेत : एक चित्रपटाचा, एक रेडिओचा, एक दूरचित्रवाणीचा. २४ फेब्रुवारी १९७० ला न्यूयॉर्कमध्ये तो वारला.

त्याला शेवटी मी पाहिले ते १९५५ च्या 'ऑल दॅट हेवन अलाऊज'मध्ये. एक विधवा आहे, जेन वायमनने ते काम केले आहे. नेगल झालाय हार्वी, गावातला प्रतिष्ठित, प्रौढ गृहस्थ. तो तिला लग्नाचे विचारतो. प्रेमाबिमाचे नाव काढत नाही, सोबतीचे आणि आपुलकीचे बोलतो. आवाज अजून तसाच, स्वच्छ आणि भरलेला. ती त्याचे म्हणणे आदराने ऐकून घेते, आणि तिचे मन जाते तिच्या बागेतली झाडे छाटायला येणाऱ्या माणसाकडे.